पतनमुक्त

ओसरी वृद्धनिवासात गेल्या वर्षभरात एकही माणूस पडला नव्हता, आणि वृषाली चौगुलेला आता त्याचाच संताप येऊ लागला होता.

वास्तविक तिने खूश व्हायला हवं होतं. मिरजेच्या मालगाव रस्त्यावरचं हे निवास तिने व्यवस्थापक म्हणून हाती घेतलं, तेव्हा सतत कुणी ना कुणी न्हाणीघरात घसरायचं, खुब्याचं हाड मोडायचं, आणि मुलं पुण्या-मुंबईहून गाड्या काढून भांडायला यायची. एरवी फोन न उचलणारी ही मंडळी भांडायला मात्र वेळेवर पोचत. आता ते सगळं थांबलं होतं. येत्या शुक्रवारी निरीक्षक वाघचौरे साहेब जातीने येऊन ओसरीला 'पतनमुक्त निवास' असं प्रमाणपत्र देणार होते.

"तंटामुक्त झालं, हागणदारीमुक्त झालं, आता पतनमुक्त," बंडूअण्णा हुपरे म्हणाले. बंडूअण्णांनी सगळी नोकरी यष्टीची गाडी चालवण्यात घालवली होती, त्यामुळे कुठल्याही सरकारी पाटीवर त्यांचा विश्वास नव्हता. "आवो मॅडम, पडायला माणूस आधी उभा तर पायजे की!"

हे ते खुर्चीतून बोलत होते. कमरेभोवती रुंद निळा पट्टा होता, आणि पट्ट्याचं कुलूप वृषालीच्या अंगठ्याने उघडत असे. जेवणघरात तशा खुर्च्यांची रांगच लागली होती. नियमावलीत त्या खुर्चीला 'सुरक्षित आसन' म्हणत.

या सगळ्याच्या मुळाशी होती जमीन. दोन वर्षांपूर्वी सरकारने प्रत्येक नोंदणीकृत निवासात फरशीखाली एक पातळ जाळी बसवली. पाऊल पडलं की जाळीवर दाब येतो, दाबातून बारीकशी वीज निर्माण होते, आणि त्या विजेवरून यंत्राला कळतं की टाच कधी टेकली, भार चवड्यावर कसा सरकला, दोन्ही पाय किती वेळ जमिनीवर राहिले, शरीर कुठल्या बाजूला झुकलं. प्रत्येकाची चाल सहीसारखी वेगळी असते. यंत्र ती चाल लक्षात ठेवतं. माणूस पडण्याच्या कितीतरी दिवस आधी त्याच्या पावलांमधली लय विस्कटू लागते, त्याला स्वतःला कळायच्याही आधी, आणि हा बिघाड यंत्र बरोबर टिपतं. मग भिंतीवरच्या पट्टीत त्या माणसाचा दिवा हिरव्याचा पिवळा होतो आणि पिवळ्याचा लाल. ओसरीतल्या लोकांनी त्या यंत्राचं नाव 'कुडमुड्या' ठेवलं होतं, कारण दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या कुडमुड्या जोशासारखं ते न बोलावता दारात आलं होतं आणि वाईटच तेवढं सांगत होतं.

इथवर सारं ठीक होतं. पुढचा भाग नियमावलीचा होता. लाल दिवा लागला की त्या माणसाला ताबडतोब सुरक्षित आसनात बसवायचं. तिथून सुटका दोनच मार्गांनी: एक तर साप्ताहिक उभं राहण्याच्या चाचणीत लागोपाठ हिरवा दिवा मिळवायचा, नाहीतर जबाबदार नातेवाइकाने धोका पत्करत असल्याची सही द्यायची. सही कुणीच देत नसे. लाल दिव्याचा माणूस चालताना पडलाच, तर निवासाचा परवाना रद्द आणि व्यवस्थापकावर खटला.

नियमांची चीड येणाऱ्यांपैकी वृषाली नव्हती. नियम नसलेलं निवास तिने नोकरीच्या सुरुवातीला पाहिलं होतं. तिथे म्हाताऱ्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी खाटेला बांधत आणि कुणी आलं की वरून चादर टाकत. त्या दिवसापासून तिने ठरवलं होतं की आपल्या हाताखालचं निवास कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही चोख चालेल. औषधं वेळेवर, न्हाणीघरं कोरडी, आणि कुणाला सूट नाही.

कुणाला म्हणजे कुणालाच नाही. रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीत तिची आई होती.

शालन मगदूम यांना अख्खी मिरज शालनकाकू म्हणून ओळखायची. नवरा लवकर गेला तेव्हा त्यांनी दवाखान्यांच्या गल्लीत खानावळ काढली. रुग्णांचे नातेवाईक, नर्सिंगच्या मुली, गावाकडून तपासायला आलेली बावरलेली माणसं, सगळे तिथे जेवले. ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगाचटणी, दही. काकू सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभ्या असत. आपली आई बसून जेवलेली वृषालीला आठवत नव्हती. गुडघे कुरकुरायला लागल्यावर खानावळ बंद झाली, मुलगा संदेश पुण्याला होता, आणि काकू आपणहून म्हणाल्या, "तुझ्या त्या ओसरीतच टाक मला. निदान माणसं तरी दिसतील."

पहिल्याच दुपारी त्यांनी जेवणाची ढकलगाडी बघितली. ताट भरून समोर ठेवायचं, संपलं की उचलायचं. काकूंचं डोकंच फिरलं. "ही काय वैरण हाय होय?" त्यांनी भर जेवणघरात विचारलं होतं. महिन्याच्या आत त्यांनी पद्धत पाडली: रोज दुपारी पंगत बसणार, ज्यांचे गुडघे वाकतात ते पाटावर, बाकीचे बाकांवर, आणि वाढणार निवासातलेच दोघं, पाळीपाळीने. त्या पाळीने जादूच केली. महिनोन् महिने खोलीबाहेर न पडलेली माणसं आपली पाळी आली की हात धुऊन हजर होत. कुणाला तरी "अजून घ्या की" म्हणायला मिळालं म्हणून रडलेली एक आजी वृषालीने स्वतः पाहिली होती.

आणि मग काकूंचा दिवा लाल झाला. त्या आमटीची बादली घेऊन अर्ध्या पंगतीत होत्या.

"आई, बसावं लागेल," वृषाली म्हणाली होती.

"पंगत अर्धी राहिलीया."

"आई, नियम आहे. तुला सोडलं तर उद्या बंडूअण्णांना काय तोंड दाखवू?"

रजिया, तिथली सगळ्यांत जुनी सेविका, पुढे झाली होती. वृषालीने तिला थांबवलं. स्वतःच्या आईला नोकरांकरवी बांधायचं तिला बरं वाटेना. तिने स्वतःच्या हाताने पट्टा ओढला आणि कुलूप लावलं. हे तिला फार प्रामाणिकपणाचं वाटलं होतं.

त्या दिवसापासून काकू तिच्याशी बोलल्या नव्हत्या. रजियाशी बोलत, बंडूअण्णांशी भांडत, खिडकीतल्या साळुंक्यांना शिव्या देत. लेकीशी अक्षर नाही.

आणि त्या खुर्चीतच राहिल्या. याचं कारण यंत्रात नसून मांडीत होतं. तरुण माणूस आठवडाभर अंथरुणात पडला तर उठून चार दिवसांत पुन्हा चालतो. म्हाताऱ्याच्या मांडीचा स्नायू तेवढ्याच काळात जो झडतो, तो भरून यायला महिने लागतात, आणि तेही चाललं तरच. तोल सांभाळायचं काम कान, डोळे आणि तळपाय मिळून करतात. तळपायांना जमीनच लागली नाही तर तेही आपलं काम विसरतात. त्यामुळे पुढच्या चाचणीत काकूंचा दिवा लाल, त्याच्या पुढच्या वेळी आणखी गडद. यंत्राचं भाकीत दर आठवड्याला खरं ठरत होतं, कारण ते खरं करायची व्यवस्था आपणच केली होती.

वृषालीला हे कळत होतं. पण सुरुवातीचा लाल तर खरा होता ना, अशी ती मनाची समजूत घालत असे.

ती समजूत सरोज पाटणे यांनी मोडली. पाटणे बाई नव्याने आल्या होत्या. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आणि अजूनही रोज सकाळी अंगणात सूर्यनमस्कार घालत. सोमवारी त्यांची वाढायची पहिली पाळी आली. पंगतीच्या टोकाला पोचेपर्यंत त्यांचा दिवा लाल झाला.

"हा काय चावटपणा?" पाटणे बाई ओरडल्या. "मला? अहो, मी तुम्हाला पाठीवर घेऊन जिना चढेन!"

पट्टा लावताना वृषालीचे हात मध्येच थांबले. तिला आठवलं, बंडूअण्णांचा दिवा लाल झाला तेव्हा त्यांच्या हातात भाताचं पातेलं होतं. आईच्या हातात आमटी. त्याआधीचे, आता हयात नसलेले एक आप्पा, त्यांच्या हातात ताकाचं भांडं होतं. सेवक-सेविका तर ढकलगाडीच वापरत, त्यांचे दिवे कायम हिरवे.

"रजिया," ती म्हणाली, "बादली दे."

आमटीची बादली डाव्या हातात, पळी उजव्या. ती कमरेत वाकली आणि त्याच पंगतीतून वाढत निघाली, लहानपणी खानावळीत वाढायची तशी. वाकलेलं अंग, सगळा भार एका पायावर, दुसरा पाय न उचलता आडवा सरकवायचा, थांबायचं, झुकायचं, पुन्हा सरकायचं. चौथ्या पाटाशी तिचा दिवा पिवळा झाला. आठव्या पाटाशी लाल.

बाकांवरच्या सगळ्यांनी माना वळवून भिंतीवरची पट्टी बघितली.

"आगं आई गं," रजिया म्हणाली. "मॅडम, आता तुम्हालाबी पट्टा?"

ते यंत्र सरळ चालणाऱ्या लोकांकडून शिकलेलं होतं. कुठल्या तरी प्रयोगशाळेच्या लांब बोळातून माणसं या टोकापासून त्या टोकाला गेली असतील, तेवढीच चाल त्याला ठाऊक. हातात वजन घेऊन, वाकून, आडवं सरकत माणसं माणसांना जेवायला वाढतात, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवणाऱ्यांच्या डोक्यात ते आलंही नसेल. त्यांच्या घरी त्यांना कुणी ना कुणी वाढतच होतं.

तिने तिथूनच खात्याच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा फारच नम्र होता.

"मॅडम, तुमचा लाल दिसतोय मला. पण काळजी नको. तुमची नोंद साठीच्या आतली आहे. तुमचा लाल आपोआप 'तांत्रिक' म्हणून बाजूला पडतो."

"तांत्रिक म्हणजे?"

"म्हणजे यंत्राची चूक, मॅडम. तरुण माणूस उगाच कशाला पडेल?"

"आणि साठीच्या वरच्यांचा लाल?"

"तो लाल."

"तीच बादली, तीच चाल, तीच फरशी आहे."

"हो मॅडम, पण ते सीनियर आहेत ना. आपण सूचना पाठवा. समिती बसली की विचार होईल."

"समिती बसलीच आहे इथे," वृषाली म्हणाली. "पट्टे बांधून बसलीय." आणि तिने फोन आपटला.

आपल्या पायांवर संशय आला तर यंत्र चुकलं, आणि आईच्या पायांवर संशय आला तर आई चुकली. एवढं सरळ होतं ते. आणि हा नीचपणा ती वर्षभर अंगठा लावून लावून चालवत आली होती, वर त्याला शिस्त म्हणत होती.

ती आईच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली. "आई, यंत्र चुकलं होतं. तुला काही झालं नव्हतं."

काकूंनी मान खिडकीकडे वळवली.

"काकू, ऐका की जरा," रजिया म्हणाली.

"तिला सांग रजिया," काकू साळुंक्यांकडे बघत म्हणाल्या, "यंत्रानं पट्टा नव्हता बांधला."

वृषाली उठली आणि बाहेर जाऊन संदेशला फोन केला. व्यवस्थापकाला स्वतःच्या माणसासाठी सही करता येत नसे, म्हणून जबाबदार नातेवाईक तो होता.

"ताई, इमोशनल होऊ नकोस," सगळं ऐकून तो म्हणाला. "खुर्चीत सेफ आहे ना ती? झालं मग."

"तिच्या मांड्या बघितल्यास का? माझ्या मनगटाएवढ्या झाल्यात. अजून दोन महिने अशीच बसली तर ती परत उभी राहायची नाही, संदेश. कधीच नाही."

"आणि मी सही केली आणि ती पडली तर? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? नावं सांग."

"तसं नाही गं, पण..."

"बरं, सही नको. घेऊन जा तिला तुझ्याकडे. आज गाडी काढ."

"अगं, इथे फ्लॅटमध्ये फरशी फार गुळगुळीत आहे गं."

वृषालीने त्याला आयुष्यात पहिल्यांदा अशी शिवी दिली की अंगणात बसलेली माणसं वळून बघायला लागली. बोलून झाल्यावर तिला बरं वाटलं. पण सही काही मिळाली नाही.

नियमावली तिने पुन्हा वाचली. तिला ती पाठच होती, तरीही. डॉक्टरची सही होती, नातेवाइकाची होती, व्यवस्थापकाची होती, निरीक्षकाची होती. खुर्चीत बसलेल्या माणसाची सही कुठेच नव्हती. त्याला विचारावं असं कुणालाही वाटलं नव्हतं, आणि तिलाही नाही.

शुक्रवारी वाघचौरे साहेब आले. पस्तिशीचा, हसतमुख, कामाचा उरक असलेला माणूस. त्यांनी न्हाणीघरं पाहिली, औषधांची कपाटं पाहिली, आणि खरोखर समाधानाने म्हणाले, "मॅडम, जिल्ह्यात तुमच्याइतकं नियमाने चालणारं निवास नाही." पंगतीत त्यांच्यासाठी पाट मांडला होता. चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र त्यांच्या सहायकाच्या काखेत होतं.

पानं मांडून झाली. सोमवारपासून पाटणे बाईही खुर्चीत होत्या, आणि वाढायला उभं राहील असं रांगेबाहेर आता कुणी उरलं नव्हतं. वृषाली जेवणघराच्या मधोमध उभी राहिली.

"साहेब, तुमच्यासमोर सांगते. या खुर्च्यांत जे बसलेत, त्यातले बरेचसे वाढत होते म्हणून लाल झाले. मी स्वतः करून बघितलंय. खात्याला कळवलंय. खातं समिती बसवणार आहे."

"चांगलं आहे," वाघचौरे सावधपणे म्हणाले. "मीपण शेरा मारतो."

"शेऱ्याने मांड्या भरत नाहीत." ती आईसमोर जाऊन उभी राहिली. "आई, वर्षभरात तुझे पाय गेलेत. आता मात्र यंत्र खरं सांगतंय. उठलीस तर पडशील, बहुतेक. मोडेलही काही. न उठलीस तर खुर्चीतच जाशील. मी तुला सांगत नाहीये, विचारतेय. उठायचंय?"

काकूंनी बऱ्याच महिन्यांनी लेकीच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग हात पुढे केला.

वाघचौरे पाटावरून उठले. "मॅडम, हे माझ्यासमोर नका करू. मला नोंदवावं लागेल. परवाना जाईल. तुमच्यावर खटला भरतील हो!"

"तुमच्यासमोरच करायचंय. चोरून करायचं असतं तर मागच्या दाराने केलं असतं."

"जबाबदारी कोण घेणार?"

"व्यवस्थापक कोण आहे इथे?" ती इतक्या जोरात ओरडली की सहायकाच्या काखेतलं प्रमाणपत्र निसटता निसटता राहिलं. "मी! ती नाही, तिचा मुलगा नाही, तुमची समिती नाही. मी! लिहा!"

तिने कुलपावर अंगठा ठेवला. पट्टा सुटला. एका बाजूने तिने आणि दुसऱ्या बाजूने रजियाने धरून काकूंना उभं केलं. पाय काड्यांसारखे लटपटत होते. भिंतीवरचा दिवा लाल होऊन ओरडू लागला. काकूंनी पंगतीकडे बघितलं आणि हात लांबवून मिठाचा वाडगा उचलला. पंगतीत पहिलं मीठ वाढतात, आणि तेवढंच त्यांना पेलणार होतं.

एक पाऊल पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याला डावा गुडघा दुमडला.

दोघींनी धरलं, पण पेलवलं नाही. तिघीही सावकाश खाली बसत गेल्या, आणि यंत्रातल्या गोड आवाजाच्या बाईने जाहीर केलं, "पतन नोंदवले. पतन नोंदवले."

वाघचौऱ्यांनी डोळे मिटले. वृषाली आईचा खुबा चाचपू लागली. "दुखतंय का? इथे? इथे?"

काकूंनी तिचा हात झटकला. त्या भुईवर बसून इकडे तिकडे बघत होत्या. जन्मभर त्यांनी पंगत वरून पाहिली होती. आता पानं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मिठाचा वाडगा तसाच हातात होता, एक कणही सांडला नव्हता.

त्यांनी एक हात जमिनीला टेकला आणि बसल्या बसल्या पुढे सरकल्या. पहिल्या पानात मीठ वाढलं. पुन्हा सरकल्या. दुसऱ्या पानात वाढलं. बाईचा आवाज अडखळून बंद पडला. यंत्राला पावलं वाचता येत होती, बसून सरकणाऱ्या बाईचं काय करायचं ते त्याला कळेना.

"आता माझा नंबर!" रांगेतून बंडूअण्णा गरजले. "मॅडम, मला इचारा! मलाबी इचारा!"

काकू वाघचौऱ्यांच्या पानापाशी पोचल्या. ते पुन्हा पाटावर बसले होते, गळून गेल्यासारखे, आणि पानावर हात आडवा धरून होते. "नको आजी, मी मीठ जरा कमी..."

"हात काढा."

त्यांनी हात काढला. काकूंनी मीठ वाढलं. निरीक्षकांनी खिशातून नोंदीचं छोटं यंत्र काढलं, 'पतन: एक' असं नोंदवलं, आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सहायकाला प्रमाणपत्र गाडीत ठेवायला सांगितलं.

वृषाली मधोमध उभी होती. परवाना जाणार होता, खटला येणार होता, आणि तिचा राग अजून ओसरला नव्हता. बंडूअण्णांना विचारायचं होतं, पाटणे बाईंना विचारायचं होतं, सगळी रांग बाकी होती.

"वृषे," पंगतीच्या टोकाकडून आवाज आला. काकू पाठमोऱ्याच होत्या. "बघत काय उभी ऱ्हायलीस? आमटी गार व्हायलीया. वाढ."

वृषाली बादलीकडे वळली.

"आणि उद्या मला धरू नगंस," काकू पुढच्या पानाकडे सरकत म्हणाल्या. "पडली तर पडली."

वृषालीने आमटीची बादली डाव्या हातात घेतली आणि कमरेत वाकली. चौथ्या पानाशी तिचा दिवा पिवळा झाला, आठव्या पानाशी लाल. कुणीही मान वर करून बघितलं नाही.